देणगीने उभे राहते, तरतुदीने टिकते

वस्तुसंग्रहालयाने आपला खर्च आपणच भागवावा, सार्वजनिक तिजोरीवर भार टाकू नये, असा एक विचार अलीकडे वारंवार मांडला जातो. तो व्यवहारी वाटतो. परंतु मुंबईच्या सर्वांत जुन्या वस्तुसंग्रहालयाचा इतिहास त्याच्या नेमका उलट धडा देतो.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय मुळात लोकवर्गणीतून उभारावयाचे होते. १८५८ नंतर डॉ. भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट प्रभृतींनी त्यासाठी खटपट केली आणि १८६२ मध्ये इमारतीच्या कामाला आरंभ झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस गडगडला, शेअरबाजार कोसळला आणि कालचे दाते दिवाळखोरीच्या दारात उभे राहिले. वर्गणीचा झरा आटला व बांधकाम रखडले. अखेर सरकारी पैशाने ते पुरे झाले आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांस खुले झाले. दातृत्व खोटे नव्हते. परंतु ते तेजीचे अपत्य होते. मंदी येताच ते हतबल झाले.

पुढे हे संग्रहालय महापालिकेच्या ताब्यात आले आणि विसाव्या शतकात त्याची रया गेली. २००३ मध्ये महापालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान व इन्टॅक यांच्यात त्रिपक्षीय करार होऊन जीर्णोद्धार झाला आणि २००८ मध्ये वास्तू पुन्हा उघडली. २००५ मध्येच या कामाला युनेस्कोचा सन्मान लाभला होता. हे कार्य निःसंशय अभिनंदनीय आहे. परंतु जीर्णोद्धार हा भांडवली खर्च; तो एकदाच करावयाचा. खरी कसोटी आवर्ती खर्चाची. समुद्राची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मातीच्या प्रतिकृतींना, कागदाला, कापडाला दरवर्षी छळणारच. छपराची डागडुजी, वीज, पहारेकरी, जतनतज्ज्ञ, वस्तूंच्या नोंदवह्या हा खर्च कधी संपत नाही. वाळवीचा बंदोबस्त केला म्हणून कोणी कोनशिला बसवीत नाही. म्हणूनच या खर्चाला दाताही मिळत नाही आणि पुढारीही.

मग तिकीट वाढवावे काय? संग्रहालय एकदा उघडले की आणखी एका प्रेक्षकाच्या प्रवेशाने खर्चात जवळजवळ काहीच भर पडत नाही. सीमान्त खर्च शून्याजवळ असता भारी शुल्क आकारणे म्हणजे रिकाम्या दालनाला पहारा ठेवणे होय. याच आवारातील प्राणिसंग्रहालयाचे प्रौढांसाठीचे शुल्क २०१७ मध्ये पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले. सुखवस्तूंना हा फरक जाणवणार नाही. पोरांचे बोट धरून आलेल्या मजुराला तो जाणवतो. इंग्लंडने राष्ट्रीय संग्रहालयांचा प्रवेश २००१ अखेर सर्वत्र विनामूल्य केला, तो सरकारी अनुदानाच्या बळावर.

दुसरा मार्ग कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने सांस्कृतिक वारशाच्या जतनाचा त्यात समावेश केला, हे स्वागतार्हच. परंतु ही रक्कम नफ्यावर बेतलेली असते. नफा आटला की तीही आटते. १८६५ चा धडा नव्या रूपात गिरवण्यापलीकडे यात वेगळे काय?

रुग्णालये व शाळा अपुऱ्या असता संग्रहालयावर खर्च कशाला, हा प्रश्न प्रामाणिक आहे. मात्र महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून मोठा होता. त्यापुढे एका संग्रहालयाच्या देखभालीची रक्कम रुग्णालयाची खाट हिरावून घेईल असे मानणे सयुक्तिक नव्हे. उलट देखभाल टाळली की वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा जीर्णोद्धार ओढवतो आणि वाचवलेल्या पैशाच्या कित्येक पट खर्च होतो. ही काटकसर नव्हे, उद्यावर काढलेले कर्ज आहे.

अर्थात, सार्वजनिक पैसा हिशेबाविना मागता येत नाही. अनुदान वर्षागणिक कृपेवर न ठेवता पाच वर्षांसाठी निश्चित करावे. देखभालीचा निधी स्वतंत्र ठेवून अन्यत्र वळवू नये. देणगीदारांचा पैसा प्रदर्शने व संशोधनासाठी वापरावा, पगारासाठी नव्हे. आणि जमाखर्च व वस्तूंची मोजदाद दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावी. किती आले व किती गेले याबरोबरच किती वस्तू सुस्थितीत राहिल्या, किती शाळांतील मुले येऊन गेली, हेही त्या ताळेबंदात दिसावे.

१९७५ मध्ये या वास्तूला भाऊ दाजींचे नाव दिले गेले. नाव देण्यास खर्च येत नाही. ते राखण्यास येतो. तो कोणी करावयाचा याचे उत्तर सरकारी तिजोरीने एकदा, १८७२ पूर्वीच, दिलेले आहे.