तीनशेंची आरती पुरे, हेलॉटांचा हिशेब द्या

प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाची आरती ओवाळणारे अजून संपलेले नाहीत. प्लेटोला हे नगर आवडलं, रूसोला आवडलं, हिटलरलाही आवडलं. २००७ साली थर्मोपिलीच्या लढाईवरचा '३००' हा सिनेमा थेटरात लागला आणि उघड्या छातीचे तेच वीर पुन्हा मिरवून गेले. शिस्त बघा म्हणे, त्याग बघा! आपल्या चळवळीतल्या पोरांनाही या शिस्तीची भुरळ पडते. म्हणून एक साधा सवाल टाकतो : हे वीर खात काय होते, आणि ते पिकवत कोण होतं?

स्पार्टाचा नागरिक नांगराला हात लावत नव्हता. धंदा करत नव्हता. सातव्या वर्षी पोरगं आईपासून तोडायचं, सरकारी तालमीत घालायचं, आणि साठीपर्यंत तो शिपाईच. जेवण सामायिक पंगतीत. पंगतीसाठी दरमहा जव, दारू, चीज, अंजीर ज्याचे त्यानं आणायचे. आणता आले नाहीत तर नागरिकत्व गेलं. पण ते जव या बहाद्दरांनी पेरले नव्हते. ते पेरले हेलॉटांनी.

हेलॉट म्हणजे लॅकोनिया आणि मेसेनियातली राबणारी माणसं. मेसेनियाची जमीन स्पार्टानं इ.स.पू. आठव्या शतकापासून लढाया करून बळकावली आणि तिथल्या माणसांना त्यांच्याच रानात गुलाम केलं. टायर्टियस हा स्पार्टाचाच कवी. पिकातला अर्धा वाटा मालकाच्या घरी जायचा, ही त्याचीच साक्ष. बायकांचंही तसंच. स्पार्टाच्या मुली धावायच्या, कुस्ती खेळायच्या, याचं मोठं कौतुक आहे. मग कापड कोण विणायचं? दासी विणतात की, असं झेनोफन सरळ सांगून मोकळा होतो.

आता राज्यकारभार बघा. दोन राजे. साठी उलटलेल्या अठ्ठावीस म्हाताऱ्यांची सभा. दरसाल निवडलेले पाच एफोर. एकाचा दुसऱ्यावर अंकुश. विद्वान म्हणतात, काय समतोल राज्यघटना! पण कारागिरी आणि व्यापार करणारे आसपासच्या गावांतले पेरिओइकी स्वतंत्र असूनही त्यांना मत नव्हतं, तिथं हेलॉटांना कोण विचारतो? उलट दरसाल नवे एफोर आले की पहिलं काम काय, तर हेलॉटांविरुद्ध युद्ध पुकारणं. आपल्याच राज्यात राबणाऱ्यांशी युद्ध! कशासाठी? तर हेलॉट मारला तरी मारणाऱ्याला पाप लागू नये म्हणून. ॲरिस्टॉटलच्या हवाल्यानं प्लुटार्क हे लिहून गेला आहे. जवान पोरांच्या टोळ्या सुरा आणि शिधा घेऊन रानात दडायच्या, रात्री रस्त्यावर सापडेल त्या हेलॉटाला कापायच्या. याला म्हणायचे क्रिप्टेइया. शिस्त शिस्त म्हणतात, ती ही.

आणखी ऐका. हेलॉटानं कुत्र्याच्या कातड्याची टोपी घालायची. गुन्हा असो नसो, वर्षाला ठरलेले फटके खायचे, आपण गुलाम आहोत हे विसरू नये म्हणून. हे मायरन नावाच्या लेखकानं नोंदवलंय. अंगावर खूण कशासाठी चढवतात, हे तुम्हाला मी काय सांगावं? त्यांना बळजबरीनं दारू पाजून पंगतीत आणायचे आणि पोरांना दाखवायचे, बघा नीच कसा असतो! आधी पाजायची, मग नीच म्हणायचं. मालकांच्या कवींची गाणी गायलाही त्यांना बंदी होती.

लढाईत मात्र हेलॉट चालायचा. इ.स.पू. ४७९ साली प्लाटीयाला स्पार्टाचे ५,००० नागरिक, आणि दर माणशी सात या हिशेबानं ३५,००० हेलॉट, असा आकडा हिरोडोटस देतो. आदल्या वर्षी थर्मोपिलीतही हेलॉट मेले, त्यांची प्रेतं तिथं पडलेली होती. गाणं मात्र तीनशेंचंच. पुढं अथेन्सशी युद्ध चालू असताना, ज्यांनी शौर्य गाजवलं असेल त्यांनी पुढं यावं, सुटका करू, अशी दवंडी पिटली. सुमारे २,००० निवडले. डोक्यावर हार घालून त्यांना देवळांभोवती फिरवलं. नंतर ती माणसं गायब. कोण कसा मेला, कुणालाच कळलं नाही, असं थ्युसिडिडीस लिहितो. जो ताठ उभा राहील तोच आधी मारायचा, ही ती अक्कल.

तरी हेलॉट निमूट बसला नाही. इ.स.पू. ४६४ च्या सुमारास मोठा भूकंप झाला, स्पार्टा कोसळली आणि हेलॉट उठले. इथोमीच्या डोंगरावर ते वर्षानुवर्षं टिकून राहिले. थ्युसिडिडीस दहावं वर्ष सांगतो. शेवटी बायकापोरांसह सुखरूप बाहेर जायची अट त्यांनी स्पार्टाकडून घेतली. पुढं इ.स.पू. ३७१ ला ल्यूक्ट्राच्या मैदानात थीब्जच्या एपामिनोंडासनं स्पार्टाची फौज मोडली. ३६९ ला त्याच इथोमीच्या पायथ्याशी मेसेनी हे स्वतंत्र शहर उभं राहिलं. त्याच्या तटाचे दगड आजही उभे आहेत. मेसेनिया गेली आणि स्पार्टाची मिजास पुन्हा उभी राहिली नाही. ॲरिस्टॉटल सांगतो, नागरिक हजारसुद्धा उरले नव्हते. दुसऱ्याच्या घामावर जगणारी जात, घाम गाळणारा निघून गेल्यावर जगणार कशी?

दोस्तहो, शिस्त आपल्याला हवीच. वेळेवर सभा हवी, वर्गणीचा चोख हिशेब हवा, दिलेला शब्द पाळायला हवा. पण त्यासाठी स्पार्टाच्या बराकीत जायचं कारण नाही. उपाशी, वेढलेले, तरीही डोंगर न सोडणारे इथोमीवरचे हेलॉट शिस्तीशिवाय टिकले असं कुणाला वाटतं का? उद्या शिबिरात कुणी तीनशेंचं नाव घेतलं, तर उभे राहा आणि विचारा : त्यांच्याबरोबर मेलेल्या हेलॉटांची नावं काय होती? उत्तर येणार नाही. ती कुणी लिहूनच ठेवली नाहीत. म्हणून सांगतो, आपली नावं आपणच लिहा. कागद आपला, शाई आपली.