गिरणीतील संग्रहालय कोणाचे?

कोल्हापूरच्या शाहू मिलविषयी आम्ही लिहिणार आहोत हे कळताच आमच्या एका स्नेह्यांनी भुवया उंचावल्या. "देवळे आहेत, लेणी आहेत, किल्ले आहेत, त्यांवर लिहावे. बंद पडलेल्या गिरणीत पाहावयाचे काय आहे?" असे ते म्हणाले. त्यांच्यासारखे विचारणारे आमच्या समाजात थोडेथोडके नाहीत, आणि ते अडाणीही नाहीत. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की पहिली वर्गणी हेच लोक देतात. म्हणूनच त्यांच्या प्रश्नाला उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही गिरणी राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०६ साली उभारावयास घेतली. आपल्या प्रजेला आपल्याच मुलुखात काम मिळावे आणि कापसाचे सूत व सुताचे कापड येथेच व्हावे, हा त्यामागील विचार. जवळजवळ शतकभर त्या भोंग्यावर शहराचा एक भाग उठला आणि निजला. २००३ साली गिरणी बंद पडली. पुढे त्या जागेवर महाराजांचे स्मारक व संग्रहालय करण्याच्या घोषणा झाल्या, आराखडे झाले, आराखड्यांवर चर्चा झाल्या. विलंबाविषयी आम्ही येथे तक्रार करीत नाही. विलंबाची तक्रार करावयाची तर या देशात दुसरे काही लिहावयास सवडच उरणार नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. स्मारकाची गोष्ट निघाली की जो तो महाराजांच्या पुतळ्याविषयी, उद्यानाविषयी, दालनांतील तैलचित्रांविषयी बोलतो. त्या गिरणीत ज्यांनी साचे चालविले त्यांच्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही.

महाराजांची वस्त्रे, शस्त्रे, छायाचित्रे यांना कोल्हापुरात घर नाही असे थोडेच आहे? नव्या राजवाड्यात संग्रहालय आहे. कसबा बावड्याचे जन्मस्थळ आहे. त्याच वस्तूंचे तिसरे दालन गिरणीत मांडून काय साधणार? ज्या राजाने १९०२ साली आपल्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, त्याच्याच गिरणीत त्याचे स्मारक व्हावे आणि त्यातून गिरणीचा कामगार तेवढा वगळला जावा, याहून महाराजांची मोठी उपेक्षा आम्हांस तरी सुचत नाही.

या बाबतीत एका परक्या गावाचे उदाहरण देणे आम्हांस भाग आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्यात पॉटकेट नावाचे गाव आहे. तेथे ब्लॅकस्टोन नदीच्या धबधब्याशी १७९३ साली बांधलेली एक लाकडी सूतगिरणी आजही उभी आहे. ती ज्याच्या नावाने ओळखली जाते तो सॅम्युएल स्लेटर हा मूळचा इंग्रज. इंग्लंडात सूतयंत्रांचे नकाशे देशाबाहेर नेण्यास आणि कुशल कारागिरांनी देश सोडण्यास कायद्याने बंदी होती. हा गृहस्थ १७८९ साली यंत्रांची रचना डोक्यात साठवून, वेष पालटून जहाजात बसला. (इंग्लंडच्या लेखी तो देशद्रोही, अमेरिकेच्या लेखी उद्योगांचा जनक. कायद्याच्या अभ्यासकास याचे नवल वाटू नये.) १७९० साली पॉटकेटमध्ये त्याची यंत्रे पाण्यावर फिरू लागली, तेव्हा ती चालविण्यास प्रथम ठेवलेले मजूर म्हणजे सात ते बारा वर्षांची मुले होती. पुढे या गिरण्यांना जो कापूस लागला, तो गुलामांच्या श्रमावर चाललेल्या मळ्यांतून आला. आणि १८२४ साली त्याच गावच्या मालकांनी कामाचे तास वाढवून विणकर स्त्रियांची मजुरी कापण्याचे ठरविले, तेव्हा शंभराहून अधिक स्त्रियांनी काम सोडले व गिरण्यांच्या दारांशी गर्दी केली. अमेरिकेतील कारखान्याचा पहिला संप तो हाच, असे मानतात.

ही इमारत वाचविण्यासाठी गावकऱ्यांनी १९२१ साली एक संस्था स्थापन केली, १९५५ साली तेथे संग्रहालय उघडले, आणि २०१४ साली तो परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात घेण्यात आला. म्हणजे वर्गणी, मग कपाटे, मग सरकार, असा हा क्रम आहे. आमच्याकडे तो उलटा धरण्याची रीत पडली आहे: सरकार आधी, कपाटे मागाहून, वर्गणी कधीच नाही. परंतु आम्हांस जे अधिक महत्त्वाचे वाटते ते असे की, तेथे स्लेटरचा गौरव होतो आणि त्या मुलांची, त्या गुलामांची, त्या संपकरी स्त्रियांची कथाही सांगितली जाते. त्यामुळे स्लेटरचे नाव पुसले गेलेले नाही. थोरांच्या शेजारी लहानांना बसविले तर थोरपण उणे होते, ही भीती आमची आहे, त्यांची नव्हे.

कोणी म्हणेल, कामगारांच्या वस्तू जपावयाच्याच असतील तर त्या शहरातील एखाद्या प्रशस्त इमारतीत नीट मांडा. गिरणीची मोक्याची जमीन कशाला अडवून ठेवता? या प्रश्नाचे उत्तर आमच्या वाचकांनी इतरांस शिकवावे, अशी त्यांची परंपरा आहे. सोळाव्या शतकात धर्मच्छळाच्या भयाने मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. नव्या स्थानी शिखरे उभी राहिली, पालख्या निघाल्या. तरीही मूळ स्थान कोणते, हे चार शतकांहून अधिक काळ कोणी विसरले नाही. स्थान हे देवतेचे अंग आहे, हे ज्यांच्या रक्तात भिनले आहे, त्यांना साचेखात्याची जमीन आणि साचा ही एकमेकांपासून वेगळी का करू नयेत, हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. संगमरवरी दालनात ठेवलेला धोटा ही नुसती लाकडाची वस्तू. ज्या छपराखाली तो दिवसभर इकडून तिकडे धावला, त्याच छपराखाली तो ठेवला म्हणजे तो बोलू लागतो.

आता कायद्याचे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात स्मारकाची जी व्याख्या आहे तिच्यात देऊळ किंवा किल्ला असे बंधन नाही. ऐतिहासिक महत्त्वाची कोणतीही वास्तू शंभर वर्षे उभी असली की ती व्याख्येत बसू शकते. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यातही विज्ञान, कला, हस्तव्यवसाय यांची साक्ष देणाऱ्या वस्तूस शंभर वर्षे पुरतात. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखितास व दप्तरास तर पंचाहत्तरच. तेव्हा १९०६ सालची गिरणी म्हणजे "जुनाट शेड" असे म्हणणारा अधिकारी आपले अज्ञान प्रकट करतो. अर्थात व्याख्येत बसल्याने संरक्षण आपोआप मिळत नाही. त्यासाठी सरकारी अधिसूचना लागते, आणि ती मागावी लागते. आमची देवस्थाने आपल्या एका वर्षासनासाठी पिढ्यान् पिढ्या कोर्टात भांडली आहेत. मागणे कसे असते, हे आम्हांस ठाऊक नाही असे कोणी म्हणू नये.

दप्तराचा उल्लेख आला म्हणून एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बंद गिरणीतील मृत कामगाराच्या पत्नी थकलेल्या देण्यासाठी आमच्याकडे आल्या. गिरणीचे व गावाचे नाव येथे नको. नवऱ्याने तीस वर्षे नोकरी केली; पहिली सहा बदली म्हणून, पुढची कायम. पुरावा काय? हजेरीपट गिरणीत होते. गिरणीतून ते भंगारवाल्याच्या काट्यावर गेले, यंत्रांच्या बरोबर, वजनावर. बाईंनी पदराच्या गाठीतून पितळेचा एक बिल्ला काढून आमच्या टेबलावर ठेवला. त्यावर फक्त एक आकडा होता. त्या आकड्याचा माणूस कोण, हे सांगणारी वही जगात उरली नव्हती. सहा वर्षे आम्हांस सोडून द्यावी लागली. काम संपल्यावर त्यांनी बिल्ला परत मागितला. खंडेनवमीला पाटावर तो मांडून त्याची पूजा करावयाची असते, असे त्या म्हणाल्या. कामगारांची देणी आधी द्या, संग्रहालय मागाहून बघू, असे म्हणणाऱ्या सज्जनांस आम्ही हेच विचारतो: दप्तर जपल्यावाचून देणी कोणाची आणि किती, हे ठरवणार कसे?

इंदूरच्या वाचकांना हे अधिक कळेल. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या देण्याची रक्कम सुटली ती २०२३ च्या डिसेंबरात. तोवर कित्येकांच्या चितेची राखही उरली नव्हती. तरीदेखील त्या शहरात अनंत चतुर्दशीच्या रात्री बंद गिरण्यांच्या झाँक्या निघत राहिल्या. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी ही नावे दिव्यांनी उजळून रस्त्यावर आली, आणि ती आणली पगार नसलेल्या कामगारांनी, वर्गणी काढून. शंभर वर्षांची ही प्रथा गिरणीहून अधिक जगली. गणपतीपुढे उभे राहून आपण कोण, हे सांगावयास ज्यांना एक रात्र पुरली नाही, त्यांच्यासाठी वर्षभर उघडे असणारे एक दार एवढ्या मोठ्या शहराला अशक्य होते काय? गिरणीची जमीन मात्र गृहनिर्माणाच्या हिशेबात ताबडतोब बसली.

कोल्हापूरच्या बाबतीत असे होऊ नये म्हणून आमचे मागणे अगदी लहान आहे. स्मारक जेव्हा व्हावयाचे तेव्हा होवो. त्यातील एक मूळ खाते, छपरासह व साच्यांसह, कामगारांसाठी राखून ठेवल्याचे आराखड्यात लेखी यावे. ज्यांच्या घरी हजेरीपुस्तके, पगारचिठ्ठ्या, बिल्ले, युनियनच्या पावत्या असतील त्यांच्याकडून त्या रीतसर पावती देऊन आताच गोळा कराव्यात. साच्यावर बसलेली माणसे अजून हयात आहेत तोवर त्यांचे बोलणे लिहून घ्यावे. आणि हे दप्तर ठेवण्यास तूर्त जागा नाही अशी सबब पुढे आली, तर देवस्थान समित्यांनी आपल्या कचेरीतील एक कोरडी खोली आणि दोन लोखंडी कपाटे द्यावीत. या देवळांच्या पायऱ्यांवर आणि फरशांवर जी दात्यांची नावे आहेत, त्यांत गिरणीत घाम गाळून चार रुपये देणाऱ्यांची नावे किती, हे समितीच्या सभासदांनी उद्या सकाळी दर्शनाला जाताना खाली वाकून वाचावे.