पंखा चालू ठेवावा की बंद?

गेल्या नाताळापूर्वी आठ दिवसांची गोष्ट. आमच्या बालाघाटच्या धर्मग्रामातील एक भगिनी डोळे पुसत आमच्याकडे आली. पतीच्या निधनानंतर शिवणकामावर संसार चालविणाऱ्या या माउलीने प्रथमच केकच्या मागण्या स्वीकारल्या होत्या व त्यासाठी हप्त्याने विजेचा ओव्हन घेतला होता. परंतु पहिले तीन केक वरून करपले, मध्ये भेगाळले आणि आत कच्चे राहिले. “फादर, सासूबाईंचा हात मला नाही,” ती म्हणाली. सासूबाई पातेल्यात वाळू घालून, झाकणावर निखारे ठेवून केक भाजीत असत.

पाकशास्त्रात आमची गती बेताचीच. तरी आम्ही जाऊन ओव्हन पाहिला. बटण पंख्याच्या चित्रावर होते आणि उष्णमान मात्र पुस्तकातील साध्या कृतीप्रमाणे १८० अंश! रोगाचे मूळ तेथेच सापडले.

वाचकहो, साध्या पद्धतीत ओव्हनच्या वरच्या व खालच्या तारा तापतात आणि हवा आपल्या संथ गतीने फिरते. पंखा लावला म्हणजे तीच हवा वेगाने खेळते. पदार्थाभोवती थंडसर, ओलसर हवेचे जे पातळ आवरण असते, ते हा वारा दूर सारतो. त्यामुळे तेवढ्याच अंशावर उष्णता लवकर लागते व पृष्ठभाग लवकर सुकतो. केकला हेच बाधते. आतील मिश्रण पुरते फुगण्यापूर्वीच वर कवच धरते आणि मग फुगणारे मिश्रण ते फोडून बाहेर येते.

म्हणून केक, पाव, कस्टर्ड यांस पंखा बंद असावा, आणि भांडे मधल्या कप्प्यात ठेवावे. नानकटाई वा बिस्किटांची दोन ताटे एकदम भाजावयाची असतील, कोंबडीची कातडी खरपूस हवी असेल, तर पंखा अवश्य लावावा. मात्र कृतीत लिहिल्यापेक्षा उष्णमान सुमारे २० अंशांनी कमी ठेवावे व ठरल्या वेळेपूर्वी दहा मिनिटे पाहावे. ज्यांच्या ओव्हनमध्ये पंखा बंद करण्याची सोय नाही, त्यांनीही उष्णमान असेच उतरवावे आणि केकचा रंग चढताच वर कागद झाकावा.

ही विवेकबुद्धी नवी नव्हे. गोव्यातील गृहिणी बेबिंकचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजीत आल्या आहेत. आच कोठून व किती यावी, हे त्यांना यंत्राने शिकविले नाही. आजही बेबिंकला ओव्हनची वरची तारच हवी, वारा नको.

त्या भगिनीने चौथा केक पंखा बंद करून भाजला. तो नीट फुगला, आणि नाताळच्या आदल्या दिवशी सर्व मागण्या पुऱ्या झाल्या. तिचा हात सासूबाईंच्या हाताइतकाच चांगला होता. चुकले होते ते बटण. घरात काही बिघडले, की आपण प्रथम माणसाला बोल लावतो. त्याआधी बटणाकडे एकदा पाहावे, एवढेच आमचे सांगणे.