मुर्डीचा रँग्लर, मुर्डीचा कादंबरीकार

कोकणातल्या आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीची कथा लहान मुलालाही ठाऊक असते. किनाऱ्यावरचं मूळ देऊळ समुद्राने गिळलं, तेव्हा देव स्वतःच कडा चढून वर आला. वाटेत उमटलेलं त्याचं पाऊल आजही दाखवतात.

या गावाशेजारीच मुर्डी. १८९९ साली केंब्रिजला गणितात पहिले येऊन सीनिअर रँग्लर ठरलेले पहिले भारतीय र. पु. परांजपे मुर्डीचे, आणि 'गारंबीचा बापू' लिहिणारे श्री. ना. पेंडसेही मुर्डीचेच. एका गावात गणितही पिकलं आणि गोष्टही. मराठी विज्ञान कादंबरीकडे वाचक हीच जोडी तर मागतो.

त्याची तक्रार जुनी आहे. गोष्ट रंगात येते न येते तोच शाळेचा तास सुरू होतो. दोन शास्त्रज्ञ एकमेकांना आधीच माहीत असलेलं वाचकासाठी समजावत बसतात. तक्रार रास्त आहे. मात्र 'मराठीत हे जमतच नाही, इंग्रजीच वाचावं' हा त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. पहिलं बक्षीस मिळालं ते त्या अनोळखी जगतापांच्या गोष्टीला. पुढे 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये त्यांनी विश्वासरावांना गोळी लागूच दिली नाही आणि मराठ्यांना पानिपत जिंकून दिलं. त्यामागची समांतर जगांची कल्पना अवघड खरी, पण 'विश्वासराव वाचले असते तर?' हा प्रश्न मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेलाय. विज्ञान त्या हळहळीवर येऊन टेकलं, म्हणून ते मनात उतरलं. 'वामन परत न आला' या कादंबरीत तर यंत्रमानवाचं नावच पुराणातून आलं. नारायण धारपांची भयकथा अजून झोप उडवते, तीही ओळखीच्या घरात शिरते म्हणूनच.

तेव्हा नव्या लेखकाने दूरची आकाशगंगा शोधायची गरज नाही. आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू फार तापली तर माद्याच जन्मतात. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने याच पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. देऊळ गिळणारा समुद्र इथे निव्वळ दंतकथा उरलेला नाही.

एवढ्यावर एक अख्खी कादंबरी उभी राहते. नर आणि मादी पिल्लं दिसायला अगदी सारखी. नर जन्मायचे थांबले तरी कितीतरी वर्षं कोणाला पत्ता लागणार नाही, आणि कासवमित्र रोज पहाटे पिल्लं मोजून समुद्राकडे सोडत राहतील.