पट्ट्या थांबल्या, पण वेग?

सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह उलटा केला की अनेक मॉडेलांत फ्लायव्हीलवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दोन वलये दिसतात, एक ५० हर्ट्झचे, दुसरे ६०चे. ट्यूबलाइटखाली मोटर चालू करायची आणि ५०च्या वलयातल्या पट्ट्या जागच्या जागी थांबेपर्यंत ट्रिमपॉट फिरवायचा, यावर आपल्यापैकी अनेकांचा हात बसला आहे. पण हल्ली वर्कशॉपमध्ये पट्ट्या दिसतच नाहीत, नुसते करडे वर्तुळ दिसते. दोष ड्राइव्हचा नाही, डोक्यावरच्या दिव्याचा आहे.

तांब्याच्या चोकची जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते. मिनिटाला ३०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला पाच; म्हणून वलयावर २० पट्ट्या. इलेक्ट्रॉनिक चोक हजारो हर्ट्झवर चालतो आणि चांगला एलईडी जवळजवळ लुकलुकतच नाही. मग पट्ट्या थांबणार कशाच्या जोरावर?

जुनी ट्यूब असली तरी हिशेब करावा. सेकंदाला एक पट्टी सरकली तर वेग एक टक्का चुकला. फिरण्याच्या दिशेने सरकली तर जास्त, उलट सरकली तर कमी. (१८० पट्ट्यांच्या ३३⅓च्या टर्नटेबललाही हाच नियम.) मात्र ही तुलना विजेशी आहे. ग्रिड ४९.९ हर्ट्झवर असेल तर बिनचूक ड्राइव्हच्याही पट्ट्या मिनिटाला बारा सरकतील. एवढी चूक चालते. जनरेटरवर बेंच चालवणाऱ्याने मात्र पट्ट्यांचे ऐकू नये. आणि घाईत ६०चे, २४ पट्ट्यांचे वलय थांबवले, तर ड्राइव्ह २५०वर जाऊन बसतो!

वेग थोडा चुकलेला ड्राइव्ह स्वतःचे लिहिलेले बिनतक्रार वाचतो, म्हणून चूक बेंचवर कळत नाही. गिऱ्हाइकाची फ्लॉपी दुसऱ्या मशीनवर गेली की कळते.

आमचे मत स्पष्ट आहे: पट्ट्या अंदाजासाठी, निकाल इंडेक्स पल्सचा. ३४ पिनांच्या कनेक्टरवरच्या पिन ८ला पुलअप रेझिस्टर द्या, स्कोप लावा आणि दोन पल्समधले अंतर पाहा. ३०० फेऱ्यांना ते २०० मिलिसेकंद हवे, १.२ एमबीच्या ३६०च्या ड्राइव्हला १६६.७. फ्लॉपी आत असल्याशिवाय हा पल्स मिळत नाही, त्यामुळे घर्षणाच्या भारासह खरा वेग मोजला जातो. पट्ट्या पाहताना फ्लॉपी घालायचे आपण सर्रास विसरतो.

यापुढे दुरुस्तीच्या चिठ्ठीवर नुसते ‘स्पीड ओके’ नको. मिलिसेकंद लिहा.