आधी मूळ बघा, मग दुकानाची पायरी चढा



मालेगाव, नांदगाव, येवल्याच्या कपाशीवाल्यांना हे सांगायला नको. महिनाभर उघडीप, मग एका रात्रीत धो धो पाऊस. दुसऱ्या दिवशी बोंडांनी लगडलेली झाडं माना टाकून उभी. घरात एकच ओरड, मूळ कुजलं! आणि पहिली धाव औषधाच्या दुकानाकडे.

शेतकीची पदवी घेऊन आम्ही बांधावर आलो तेव्हा आम्हीही बुरशीनाशकाची चिठ्ठी लिहून देत होतो. झाड उपटून बघत नव्हतो. चूक आमची, पैसा गेला शेतकऱ्याचा.

झाड उपटा. सहज हाती आलं, मुळाची साल सुटून चिकट झाली असेल, तर ती मूळकुज. ती बुरशीच. पण मूळ धड, साल घट्ट, झाड जोर लावल्याशिवाय निघत नाही, तर ती आकस्मिक मर. तिथं बुरशी नाही. तहानलेल्या मुळाभोवती एकदम पाणी साचलं आणि हवा कोंडली. कुंडीचं भोक बुजलं की तुळस कोमेजते, हे घरच्या माउलीला कळतं. शेतात मात्र आपण बाटली शोधतो.

आधी चर काढून पाणी बाहेर घाला. मग १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया आणि १०० ग्रॅम पोटॅश विरघळवून झाडाच्या बुडाशी सुमारे १५० मिलिलिटर ओता. वाफसा येताच कोळपा. एक-दोन दिवसांत हालचाल केली तर बरीच झाडं सावरतात.

रब्बी ज्वारीच्या खडखड्याचं उलटं आहे. दाणा भरताना ओल तुटली की जमिनीतली बुरशी ताटात शिरते, ताट आतून पोकळ आणि काळं होऊन लोळतं. लोळल्यावर कुठलीच फवारणी उपयोगाची नाही. पेरणी वेळेवर, ताटं विरळ, तिसऱ्या, पाचव्या, आठव्या आठवड्याला कोळपणी. ओल राखणं हेच औषध.

कापसाचा भाव ठरतो तेव्हा वाया गेलेल्या फवारणीचा खर्च आपल्या पदरात कोणी टाकत नाही. तो आपल्याच खिशातून जातो. म्हणून आमची मागणी साधी आहे. सरकारी पगार घेणाऱ्यानं बांधावर यावं, झाड उपटावं, मगच औषधाचं नाव घ्यावं.

पुढच्या सभेला मेलेलं झाड मुळासकट घेऊन या. सगळ्यांसमोर बघू.