दुर्गाबाई खोटे : नायिका, सासू आणि आई

एके काळीं आपल्या घरांतून नटीचें नांव निघालें, कीं वडील मंडळींच्या कपाळास आठी पडे. ही आठी दुर्गाबाई खोटे यांना घरच्या नि बाहेरच्या, दोन्ही लोकांची सोसावी लागली.

१९०५ सालीं मुंबईच्या सुखवस्तु लाड कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. सेंट झेवियर कॉलेजांत शिकत असतांच विवाह झाला. पुढें सासरचें वैभव ओसरलें आणि दोन लहान मुलांच्या आईस चरितार्थाचा विचार करणें भाग पडलें. १९३१ सालीं 'फरेबी जाल' या बोलपटांत त्यांनीं लहानसें काम केलें, तों निंदेचा गहजब उडाला. दुसरी एखादी तेथेंच थांबती. परंतु पुढच्याच वर्षीं शांतारामांनीं 'अयोध्येचा राजा'मध्यें त्यांना तारामती केलें, आणि नांवें ठेवणारींच माणसें कौतुक करूं लागलीं.

तथापि आमच्या मतें त्यांची खरी कसोटी याच्या पुढें लागली. नायिकेचें वय हां हां म्हणतां सरतें. मग कोणी तें झांकूं पाहते, कोणी घरीं बसते. दुर्गाबाईंनीं दोन्ही मार्ग टाळले. आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'मध्यें (१९४१) सुनेचा छळ करणारी सासू त्यांनीं रंगविली, तेव्हां त्यांचें वय अवघें ३६ वर्षांचें होतें! एकत्र कुटुंबांत नांदलेल्या वाचकभगिनींना निराळें सांगावयास नको, कीं अशी सासू नुसत्या आरडाओरडीनें उभी राहत नाहीं. दुसऱ्याच वर्षीं 'भरत मिलाप'मध्यें त्या कैकेयी झाल्या.

रंगभूमीही त्यांनीं सोडली नाहीं. मॅक्बेथवरून शिरवाडकरांनीं लिहिलेल्या 'राजमुकुट' नाटकांत त्यांनीं १९५४ सालीं काम केलें. पुढें 'मुघल-ए-आझम'मधील (१९६०) जोधाबाई आली. पति आणि पुत्र यांच्यामध्यें चिरडलेल्या त्या आईचें दुःख त्यांनीं राणीचा आब न सोडतां दाखविलें. १९८३ सालचें दादासाहेब फाळके पारितोषिक त्यांना मिळालें. १९९१ सालीं त्या निवर्तल्या.

मानसन्मान पुष्कळांना मिळतात. पण पोटासाठीं पत्करलेलें काम पन्नास वर्षांच्या आंत-बाहेर निष्ठेनें करून त्यालाच प्रतिष्ठा आणणें थोड्यांना साधतें. घरांतील एखादी मुलगी उद्यां अपरिचित वाटेनें जाऊं म्हणाली, तर कपाळास आठी घालण्यापूर्वीं वडील मंडळींनीं तिला निदान एवढें विचारावें : "ही वाट शेवटपर्यंत चालशील ना?"